मंगळाची बाजू घेणारे नाना

मानवी दुःखाच्या निवारणासाठी ज्यांनी आपलं आयुष्य वेचलं, अशा थोर पुरुषांमध्ये नानांची गणना व्हायला माझी हरकत नाही. धुळ्याला त्यांचं औषधांचं दुकान होतं, आणि दुकानात शिरलेल्या माणसाला शक्यतो औषध न देता परत पाठवायचं, हा त्यांचा तीस वर्षांचा नेम होता.

"नाना, डोकं दुखतंय. एक गोळी द्या."

"जेवला का?"

"नाही अजून."

"मग डोकं नाही दुखणार तर काय होईल? घरी जा, भाकर खा. तरी दुखलं तर ये."

गिऱ्हाईक घरी जात नसे. रस्ता ओलांडून समोरच्या दुकानात जाई. नानांच्या तत्त्वनिष्ठेवर समोरचं दुकान दुमजली झालं. नाना ते रोज बघत आणि म्हणत, "चांगला माणूस आहे. त्याला नाही म्हणता येत नाही, एवढंच."

मी तेव्हा धुळ्यात एका कॉलेजात शिकवत असे. दुपारचे तास संपले की नानांच्या काउंटरपाशी एका स्टुलावर जाऊन बसायचं, हा माझा रिवाज होता. नाना औषधांच्या विरुद्ध होते, असं मात्र कोणी समजू नये. टीबीचं औषध दोन महिन्यांत बरं वाटलं म्हणून सोडणाऱ्या माणसाच्या घरी ते सायकल मारत जात आणि त्याच्या घरच्यांसमोर त्याला गोळी गिळायला लावत. जी हवी ती सुटू द्यायची नाही आणि जी नको ती हातात पडू द्यायची नाही, एवढं साधं ते गणित होतं. गावाला ते कळलं नाही. गावाने त्यांना 'नाही म्हणणारे नाना' असं नाव ठेवून विषय संपवला.

नानांचे प्रत्येकाला तीन प्रश्न ठरलेले असत. झोप कशी आहे? भूक कशी आहे? आणि भांडण कोणाशी चालू आहे? पहिल्या दोन प्रश्नांना लोक एका शब्दात उत्तर देत; तिसऱ्याला अर्धा तास लागे. "माणूस ताळ्यावर आहे की नाही, ते या तिन्हींत कळतं," नाना म्हणत. "बाकी तपासण्या असतात त्या डॉक्टरच्या समाधानासाठी." झोपेच्या गोळ्यांवर त्यांचा विशेष राग. कोणी चिठ्ठी घेऊन आलंच, तर गोळ्या देता देता सुनवायचे, "याने झोप येत नाही. फक्त जाग जाते. दोन्हींत फरक आहे, लक्षात ठेवा."

नानांची पत्नी लवकर गेली होती, मूलबाळ नव्हतं. थोरले भाऊ आप्पा आणि त्यांचं कुटुंब त्याच घरात राहत. आप्पांची पंपांची एजन्सी होती, आणि ते गावातल्या बहुतेक समित्यांचे अध्यक्ष होते. ज्या समितीचे अध्यक्ष नसत, तिचे मार्गदर्शक असत. फेटा त्यांना शोभे आणि हे त्यांना माहीत होतं. त्यांचा एकुलता मुलगा अविनाश. त्याच्यावर नानांचा जीव. नव्वदच्या दशकाचा मधला काळ असेल. अवी पुण्याहून शिकून आला, वडिलांच्या धंद्यात बसला, आणि दर शुक्रवारी दुपारच्या एस.टी.ने मुंबईला जाऊ लागला. कंपनीच्या माणसांना भेटायचं असतं, असं तो सांगे. सोमवारी सकाळी परत येई.

सोमवारचा अवी हे घराचं भूषण होतं. तो आईच्या हाताची भाजी खाऊन डोळ्यांत पाणी आणी. एजन्सीच्या दुकानातल्या हमालाला म्हणे, "काका, तुम्ही आहात म्हणून आम्ही आहोत." हमाल दोन दिवस पगारवाढीची वाट पाहत राहिला. एका सोमवारी तर त्याने भर दुकानात आप्पांना मिठी मारली आणि 'आप्पा, मला तुम्ही फार आवडता' असं सांगितलं. आमच्याकडे मुलगा बापाच्या पाया पडतो. तेही परीक्षेच्या आणि लग्नाच्या दिवशी. आप्पा हादरून नानांच्या दुकानात आले. भाषणांतलं शुद्ध मराठी ते दारातच विसरले.

"दुकानमा, गिऱ्हाइकना समोर, बापले मिठी मारी त्यानी!"

"मग तुम्ही काय केलं?" नानांनी विचारलं.

"मी काय करसू? उभा ऱ्हायनू."

मंगळवार उजाडला की हाच अवी पांघरूण डोक्यावर घेऊन पडून राही. ताटाकडे बघत नसे. कोणी हाक मारली तर अंगावर येई, नाहीतर भिंतीकडे तोंड करून रडे. बुधवारीही तेच. गुरुवारी जरा माणसांत येई, आणि शुक्रवारी बॅग भरी. शिरपूरचे पंप त्याने शहाद्याला पाठवले. रोज येणाऱ्या माणसाचं नाव त्याला ऐन वेळी आठवेना. बोलता बोलता वाक्याच्या मध्यावर थांबे आणि आपण काय सांगत होतो, हे समोरच्यालाच विचारी. शिवाय तो सारखा जबडा हलवी, दात खाई. आप्पांना गुटख्याचा संशय आला. त्यांनी एकदा त्याला उजेडात उभं करून तोंड उघडायला लावलं. दात पांढरेशुभ्र निघाले. आप्पा निश्चिंत झाले. मुलगा निर्व्यसनी असल्याची त्यांची खात्री त्या दिवशी पटली, आणि पुढच्या भाषणात त्यांनी घरच्या संस्कारांचा उल्लेखही केला.

वहिनींनी, म्हणजे अवीच्या आईने, कारण शोधून काढलं होतं. दुखणं मंगळवारी सुरू होतं, म्हणजे मंगळ. पत्रिका दाखवली, तर मंगळ होताच. पत्रिकेत कुठे ना कुठे तो असतोच. अमळनेरला मंगळाचं देऊळ आहे. तिथे त्या अवीला घेऊन सलग तीन मंगळवार गेल्या. अवी बसमध्ये खिडकीला डोकं टेकून रडत जाई आणि रडत परत येई. वहिनींना वाटे, भक्तीने रडतो.

नानांनी वाद घातला नाही. त्यांच्या दुकानात एका औषध कंपनीचं मोठं कॅलेंडर होतं. त्यावर त्यांनी पेन्सिलीने रोज तीन खुणा करायला सुरुवात केली. झोपेची एक, भुकेची एक, भांडणाची एक. दोन महिने हे चाललं. मी विचारलं, तर म्हणाले, "मंगळावर आरोप आहे. पुरावा गोळा करतो आहे."

पुरावा कसारा घाटाने दिला. एका शुक्रवारी घाटात दरड कोसळली. गाड्या बंद झाल्या, आणि अवी मुंबईला न पोहोचताच नाशिकहून परत आला. त्या सोमवारी त्याने कोणालाही मिठी मारली नाही. आणि मंगळवारी तो साडेसातला उठला, तीन भाकरी खाल्ल्या आणि कामाला गेला. नानांनी वहिनींना बोलावून कॅलेंडर दाखवलं.

"वहिनी, या मंगळवारी मंगळ आभाळात होता तिथेच होता. फक्त घाट बंद होता. मंगळावर उगीच आळ घेऊ नका."

वहिनींनी कॅलेंडरवरच्या खुणांवरून बोट फिरवलं. मग पदराच्या गाठीतून एक गोळी काढून त्यांनी काउंटरवर ठेवली. ती त्यांच्याकडे आठ दिवस होती.

"नाना, हाई कसानी गोळी शे? अवीना खिसामा सापडनी."

पिवळसर गोळी, आणि तिच्यावर एक पक्षी दाबून काढलेला. नानांनी ती चष्म्याजवळ धरली, चष्मा काढून धरली, उलटी करून पाहिली. नानांना ओळखू न आलेली गोळी मी तोवर पाहिली नव्हती. गोळीवर कंपनीचं नाव नसलं, तरी तिच्या कडेवरून ते कंपनी सांगत. त्या दिवशी त्यांचा चेहरा भिंतीवरच्या धन्वंतरीच्या तसबिरीसारखा निर्विकार झाला. म्हणजे त्यांना राग आला होता.

त्यांनी आपल्या एका जुन्या वर्गमित्राला पत्र लिहिलं. तो मुंबईत एका इस्पितळात औषधांच्या विभागात होता. उत्तर दहा दिवसांनी आलं, आणि नानांनी ते मला वाचायला दिलं. मुंबई-गोव्याकडे गाण्याबजावण्याच्या जलशांत पैसेवाली पोरं ही गोळी घेतात, तिला एक्स्टसी म्हणतात, असं त्यात होतं. मेंदूत समाधानाची जी काही शिल्लक असते ती ही गोळी चार-सहा तासांत एकदम बाहेर ओतते. तेवढा वेळ सगळं जग जवळचं वाटतं, भीती जाते, तहान-भूक-थकवा कळत नाही. कधी कधी अंग इतकं तापतं की पोरं दगावतात. मग दोन-तीन दिवसांनी मन रिकामं पडतं. वारंवार घेतली की स्मरण बिघडतं, झोप बिघडते. आणि शेवटी लिहिलं होतं, की या गोळीत खरोखर काय काय मिसळलेलं असतं, हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं.

शेवटचं वाक्य नानांनी दोनदा वाचलं. मग आमच्या खानदेशातल्या केळीच्या भाषेत त्यांनी त्या पत्राचा सारांश सांगितला. "केळी पावडर घालून पिकवतात तसं आहे हे. एका रात्रीत पिवळीधमक, आत दडस, कच्चीच, आणि तिसऱ्या दिवशी काळी." पत्राची घडी घालत म्हणाले, "पण केळं फेकता येतं."

बुधवारी दुपारी त्यांनी अवीला दुकानात बोलावलं. मी उठू लागलो, तर म्हणाले, "सर, बसा. घरचं नसलेलं कोणीतरी असलेलं बरं."

गोळी काचेवर ठेवून त्यांनी विचारलं, "ही तुझी?"

अवीने खोटं बोलण्याचा विचार केला असावा. पण खोटं बोलायलाही थोडा उत्साह लागतो, आणि तो बुधवार होता.

"माझी."

"किती झाल्या?"

"मोजल्या नाहीत."

"कॅलेंडरवर नऊ वेळा दिसतात. आधीच्या मला ठाऊक नाहीत."

अवीने कॅलेंडरकडे पाहिलं. मग म्हणाला, "नाना, तुम्हाला नाही कळणार. चोवीस वर्षांत मी आप्पांशी धड चार वाक्यं बोललो नाही. समोर गेलं की घसा कोरडा पडतो. त्या गोळीने भीतीच जाते. सगळे आपले वाटतात. रविवारी रात्री घेतली की सोमवारपर्यंत ते थोडं उरतं. मी आप्पांना म्हणालो ते खोटं नव्हतं."

"खोटं नव्हतंच," नाना म्हणाले. "पण त्या वेळी समोर विजेचा खांब असता, तरी त्यालाही मिठी मारली असतीस."

अवीने गोळी काचेवरून बोटाने लांब सरकवली. मग खाली बघत म्हणाला, "मारली होती. दादरला."

आधी मी हसलो, मग नाना, आणि शेवटी अवी. बुधवारी अवी हसला, अशी एक खूण नानांनी नंतर कॅलेंडरवर केली.

"आप्पांवर माया आहे ना?" नाना म्हणाले. "मग ती मंगळवारी सांग. मंगळवारी सांगता आली तर ती तुझी. सोमवारी सांगितलीस ती गोळीची."

उपदेशाने माणूस सुधारतो, यावर नानांचा विश्वास नव्हता. तो विश्वास असणारा माणूस त्याच घरात राहत होता, त्यामुळे त्याचे परिणाम त्यांनी जवळून पाहिले होते. शुक्रवारी दुपारी अवी स्टँडवर गेला, तर मुंबईच्या गाडीत त्याच्या शेजारच्या सीटवर छत्री आणि पिशवी घेऊन नाना बसलेले.

"नाना, कुठे?"

"तू जातो तिथे."

"मी कामाला चाललोय."

"मग बरंच आहे. मी बघेन काम कसं करतात."

नानांना गाडी लागत असे. फार वाईट लागत असे, आणि उलटीची गोळी ते तत्त्व म्हणून घेत नसत. झोडग्यापासून त्यांनी सुरुवात केली. मालेगावला अवी त्यांचं कपाळ धरून खिडकीशी उभा होता, आणि कंडक्टर विचारत होता, "म्हातारबाबांना कशाला आणलं?" अवी म्हणाला, "मी नाही आणलं. त्यांनी मला आणलंय." चांदवडला दोघं उतरले आणि परतीच्या गाडीने धुळ्याला आले. पुढच्या शुक्रवारी नाना पुन्हा त्याच गाडीत. अवी चिडला, नको नको ते बोलला, आणि गाडी सुटायच्या आत खाली उतरला. तिसऱ्या शुक्रवारीही तेच. चौथ्या शुक्रवारी अवी स्टँडवर आलाच नाही. नाना गाडी सुटेपर्यंत बसून राहिले, मग उतरून दुकानात आले. "आज गाडी वेळेवर सुटली," एवढंच म्हणाले.

पुढे सगळं सुरळीत झालं असतं, तर मला हे लिहायला बरं वाटलं असतं. दिवाळीनंतर अवी जळगावजवळच्या नशिराबादला मित्राच्या साखरपुड्याला जातो म्हणून गेला आणि जळगावहून रेल्वेने मुंबई गाठून आला. मंगळवारी पांघरूण डोक्यावर. नाना त्याच्या उशाशी जाऊन बसले. "घसरला," मला म्हणाले. "घसरणारा माणूस चालणारा असतो. झोपलेला घसरत नाही."

मात्र त्यानंतर त्यांनी ठरवलं, की हे एकट्याच्या आवाक्यातलं नाही. गोळ्यांना नाही म्हणणारा माणूस पुतण्याला मनाच्या डॉक्टरकडे घेऊन निघाला. वहिनींचा आग्रह, की धुळ्यात नको, गाव बघेल. जळगावला कोण ओळखतं! जळगावच्या डॉक्टरांच्या बाकावर धुळ्याची चार माणसं बसलेली होती. त्यांतले एकजण आप्पांच्या समितीचे सचिव. सगळ्यांनी एकमेकांना नमस्कार केला, आणि जो तो भिंतीवरच्या हरणाच्या चित्राकडे बघू लागला. डॉक्टरांनी थोडं औषध दिलं, आणि ते वेळेवर घेतलं जातं की नाही हे नाना सायकलीवरून नव्हे, पण जिना चढून रोज बघत. अवीने दुपारी नानांच्या दुकानात बसायचं, मंगळवारी कोणताही निर्णय घ्यायचा नाही, घेतलाच तर तो गुरुवारी पुन्हा तपासायचा, असे नियम झाले. सहा महिने गेले. शिरपूरचे पंप शिरपूरला जाऊ लागले. नावं अजून अडखळत, तेव्हा अवी सरळ विचारी, "तुमचं नाव विसरलो, सांगा." लोकांना ते उलट नम्रपणाचं वाटे.

त्या वर्षी आप्पांच्या समितीने व्यसनमुक्ती सप्ताह केला. प्रमुख पाहुणे तंबाखूची गोळी गालात सरकवून उद्घाटनाला उभे राहिले, हे सोडा. समारोप गुरुवारी होता, आणि अध्यक्षीय भाषण आप्पांचं. त्याआधीच्या मंगळवारी सकाळी अवी आप्पांच्या खोलीत गेला. फेटा कसा बांधायचा याची तिथे चर्चा चालली होती. फेटेवाल्याला त्याने बाहेर थांबायला सांगितलं, दार लोटलं, आणि पहिल्यापासूनचं सगळं सांगितलं. गोळ्या, मुंबई, जळगावचे डॉक्टर. घसा कोरडा पडला होता, तरी सांगितलं. आणि शेवटी म्हणाला, "तुम्हाला मिठी मारली होती तेव्हा मी नशेत होतो. आज नाही. पण आवडता तुम्ही आजही."

हे मला अवीनेच सांगितलं. आप्पा काय म्हणाले, असं मी विचारलं. आप्पांनी फेट्याचं कापड घडी करून बाजूला ठेवलं होतं. मग म्हणाले, "चहा लिधा का तू?"

गुरुवारचं अध्यक्षीय भाषण चार मिनिटांत संपलं. 'काही घरांतली मुलं' असे शब्द आले आणि आप्पा थांबले, पाणी प्यायले आणि बसले. माईक बिघडला, असंच लोकांना वाटलं. वायरमन धावत वर गेला आणि त्याने माईक तपासला.

दोन वर्षांनी नाना गेले. हृदयाचं दुखणं होतं. शेवटचे आठ दिवस इस्पितळात अवीने त्यांच्यापाशी काढले. तिथेही नानांनी स्वतःच्या गोळ्यांबद्दल डॉक्टरांना इतके प्रश्न विचारले, की डॉक्टर राउंडला त्यांच्या खाटेपाशी शेवटी येत.

शोकसभा मोठी झाली. समोरच्या दुमजली दुकानाने हार दिला. गोळ्यांना नाही म्हणत, एवढ्यावरून बोलणाऱ्यांनी नानांना व्यसनमुक्तीचे महर्षी केलं. मग अवीचं नाव पुकारलं. आप्पांनी त्याला खालच्या आवाजात सांगितलं, की घरातलं घरात ठेव. अवी उभा राहिला आणि म्हणाला, "मी नशेच्या गोळ्या घेत होतो. नाना माझ्याबरोबर एस.टी.त बसले. त्यांना गाडी लागायची. मी आज तुमच्यासमोर उभा आहे, तो त्यामुळे." आणि बसला. सभेत इतकी शांतता झाली, की ठरलेली दोन मिनिटं वेगळी पाळायची गरज उरली नव्हती. तरीही ती पाळली गेली. आप्पांनी मान खाली घातली होती, पण हात अवीच्या खांद्यावर होता. त्या दिवशी वार कोणता होता, ते मी मुद्दाम पाहिलं नाही.

समितीने नानांवर एक स्मरणिका काढायची ठरवली, आणि तिच्या पहिल्या पानावर त्यांचे अखेरचे शब्द छापायचं ठरलं. सचिवांनी मसुदाही आणला होता: 'तरुणांनो, मोहाच्या क्षणी सावध राहा.' अखेरच्या क्षणी जवळ फक्त अवी होता, म्हणून खात्री करून घ्यायला ते त्याच्याकडे आले. मी तिथेच होतो. ज्याला एके काळी रोजच्या गिऱ्हाइकाचं नाव आठवत नसे, त्या अवीला सगळं नीट आठवत होतं. नाना म्हणाले होते, "पंखा एकवर कर."

"आणि मग?" सचिवांनी वही सरसावून विचारलं.

"मग काही नाही," अवी म्हणाला. "मी केला एकवर. पण एकवर तो पंखा फिरतच नव्हता."